बाहेरची कडी

शनिवार, दिवेलागण

उद्या पिंपरीच्या मॉलमध्ये गेमवाल्यांचा मेळावा. सतीश रजा टाकून तिथे त्याच्या गेममधला चिलखती योद्धा होऊन जाणार. दर गुरुवारची सुट्टी घालवून या माझ्या नवऱ्याने पत्रा ठोकला. चिलखत सुरेख झालंय, खोटं कशाला बोलू. पण ती कडी.

कंपनीत तो विजेच्या पॅनेलचे डबे बनवतो. त्यांच्या दारांना कडी बाहेरून असते. हाताला तीच सवय, म्हणून हेल्मेटच्या तोंडावरच्या झडपेलाही बारीक कडी बाहेरूनच लावली. आज घालून बघितलं, तर लोखंडी पंजांत त्याला ती धरताच येईना. आतून नुसता श्वास ऐकू येत होता. शेवटी मी उघडली. घामाने निथळत होता आणि वर हसत होता.

"तू असशीलच की तिथे," म्हणाला.

उद्या मला सेकंड शिफ्ट आहे. विसरला का हा? आत माणूस गुदमरतोय हे गर्दीत कोणाला कळणार? लोक शेजारी उभे राहून सेल्फी काढतील.

मघाशी तो दूध आणायला गेला, तेव्हा मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले. कडीला स्क्रूच नाहीत. कंपनीत मारतात तसे रिव्हेट मारलेत, कधीच निघू नयेत असे.