पाठवायचं का

मॅडम, तुमचं फंक्शन गेल्या आठवड्यात पुन्हा अडलं. अंबरनाथच्या त्या केमिकल कारखान्याचं सॉफ्टवेअर मी अजून सांभाळते, आता बदलापूरला घरी बसून. ते ज्यावर उभं आहे त्या फ्रेमवर्कची नवी आवृत्ती चढवली आणि कोणाला कुठल्या पाळीला लावायचं ती यादीच उघडेना. डेटाबेसमध्ये फंक्शन जागच्या जागी होतं, फक्त फ्रेमवर्क त्याला ओळखत नव्हतं. पुन्हा ओळख करून द्यावी लागली: नाव काय, आत काय जातं, उत्तर कोणत्या प्रकारचं येतं. दुपारच्या आत काम झालं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली.

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये, चेन-बटणांच्या दुकानावर आपलं ऑफिस होतं. शेजारी जीन्स शिवायच्या मशिनी सुरू झाल्या की टेबलावरचा चहा थरथरायचा. शेठ, तुम्ही, मी आणि आणखी दोघं. मी कॉलेजातून थेट आलेली, तुम्ही कितीतरी वर्षं डेटाबेस सांभाळत आलेल्या. कारखान्याच्या सॉल्व्हंट सेक्शनमध्ये, जिथे रसायनांच्या विषारी वाफा असतात तिथे, एका माणसाने पंधरा दिवसांत किती तास काढले ते मोजून, मर्यादा ओलांडली की 'नाही' म्हणणारं फंक्शन तुम्ही डेटाबेसमध्येच लिहून ठेवलं होतं. नाव मराठी, इंग्रजी अक्षरांत: पाठवायचं_का. मला हसू आलं होतं. तुम्ही म्हणालात, सुपरवायझर हेच विचारतो, मग दुसरं नाव कशाला.

त्या वर्षी चौदा एप्रिलला, जयंतीला तुम्ही मला बुवापाड्याला जेवायला बोलावलंत. आपण दोघी दारात उभ्या राहून मांडव बघतोय. आत गॅसवर खीर बुडाला लागतेय, करपल्याचा वास दारापर्यंत येतोय, आणि तुमचे वडील शेगडीपासून हातभर अंतरावर शांतपणे पेपर वाचतायत. तुम्ही धावत जाऊन गॅस बंद करता. ते ओशाळून विचारतात, "लागली का गं?" पातेलं उतरवताना तुम्ही मला हळूच सांगितलंत, बाबा सॉल्व्हंटमध्ये होते, त्यांना आता वास येत नाही. वरवरची खीर काढून वाढलीत, तरी करपट लागत होती. त्यांनी ती दोनदा मागून घेतली.

पुढे शेठने सगळं सॉफ्टवेअर नव्या फ्रेमवर्कमध्ये करायला घेतलं आणि ते काम माझ्याकडे आलं. असं फ्रेमवर्क आपल्या वतीने डेटाबेसशी बोलतं, तक्त्यातली ओळ आपल्या हातात 'कामगार' किंवा 'पाळी' म्हणून येते, क्वेरी लिहीत बसावं लागत नाही. मी तुमचं फंक्शन बाजूला ठेवलं आणि तासांची बेरीज माझ्या कोडमध्ये केली. तुम्ही ते वाचून खुर्ची माझ्या टेबलाशी ओढलीत. "ठेकेदार बदलला की माणसाला नवा गेटपास मिळतो. तुझ्याकडे त्याचे तास शून्यापासून सुरू होतायत. फंक्शन आहे ना, तुझ्या कोडमधून तेच कॉल कर." मी शेठसमोर, मुद्दाम शेठसमोर, सांगितलं की नियम डेटाबेसमध्ये कोंबणं ही जुनी पद्धत झाली, आता कोणी तसं करत नाही. शेठ म्हणाले, "मॅडम, नया जमाना है, लडकी को करने दो." तुम्ही वाद घातला नाहीत. "तू आमच्या घरी जेवलीस ना गं?" एवढंच विचारलंत आणि खुर्ची परत नेलीत. गेटपासचं मी नंतर करते म्हणाले. ते राहिलं.

पावसाळा संपता संपता तुम्ही रजेवर गेलात. आधी ताप म्हणाले, मग कावीळ, मग हॉस्पिटल. मी भेटायला आले नाही. रोज ठरवायची आणि रोज काहीतरी काम काढायची. तुम्ही गेल्याचं शेठकडून कळलं. त्यानंतर दोन महिन्यांनी सॉल्व्हंट सेक्शनमध्ये एक कामगार चक्कर येऊन टाकीच्या शिडीवरून पडला. वाचला, पण खुबा मोडला, पाय कायमचा अधू झाला. त्याचा ठेकेदार बदलून आठवडा झाला होता. यादीत त्याच्या नावापुढे तास थोडेच दिसत होते. जुन्या पासवरचे मिळवून पाहिले, तर त्याला त्या दिवशी आत पाठवायलाच नको होतं. मला कोणी काही विचारलं नाही. उकाड्याने चक्कर आली असेल, असं म्हणून कारखान्याने विषय मिटवला. जुन्या पासांची बेरीज मी कोणाला दाखवली नाही.

त्या दिवशी तुमचं फंक्शन उघडलं. मी ते पुसलं नव्हतं, निव्वळ आळसाने. सगळ्यात वर तुमची एक ओळ होती: 'जुने पास पण धरा, माणूस तोच आहे.' फ्रेमवर्कमधून ते कॉल करायला शिकण्यात तीन दिवस गेले. माझं अर्धं पान कोड काढलं आणि तिथे एक ओळ आली. त्या पडलेल्या माणसाकडे मात्र मी कधी गेले नाही.

बुवापाड्याला आता तुमच्या घरचं कोणी नाही, त्यामुळे हे पत्र कुठे द्यायचं हा प्रश्नच नाही. माझ्याकडेच राहील. पण जुनी पद्धत, नवी पद्धत हे मी शेठसमोर बोलले, ते मला पटलं होतं म्हणून नाही, मॅडम. त्याआधी दोन दिवस मी तुमचंच फंक्शन कॉल करायचा प्रयत्न करत होते. मला ते जमत नव्हतं. तुम्ही चार पावलांवर बसला होतात, आणि मला विचारायची लाज वाटली.