मेले कुठल्या बाजूला?

अण्णा, परवा तुमचं पुस्तक तयार होऊन आलं. तुमचं म्हणजे तुमच्यावरचं, मी काढलेलं. पण त्याला पुस्तक म्हणायला तुम्ही तयार झाला नसतात हे मला पक्कं माहीत आहे. शब्द नसलेली, नुसत्या चित्रांची कादंबरी आहे. खोक्याचं झाकण काढलं की आत कागदाची एक लांबलचक पट्टी, पंख्यासारख्या घड्या घातलेली. काल उलगडून बघितली तर हॉलमधून निघाली ती स्वयंपाकघर ओलांडून मागच्या बाल्कनीत कपडे वाळत होते तिथपर्यंत गेली. आई सोफ्यावर पाय वर घेऊन बसली आणि म्हणाली, "आता मी चहा करायला जाऊ कुठून?" पट्टीच्या एका बाजूला शिवाजीनगरातलं, पुण्याच्या नव्हे, आपल्या ह्या कानडी शहरातल्या शिवाजीनगरातलं आपलं बाइंडिंगचं दुकान, शटर वर जातं तिथपासून. टोकाला पोचलं की पट्टी उलटायची, मग मागच्या बाजूनं तुम्ही घरी परत येता. शेवटच्या घडीवर आपलं स्वयंपाकघर आणि खळ शिजवायला तुम्ही बसायचात ते लाकडी स्टूल. रिकामं.

तुम्ही असतात तर पहिला प्रश्न काय विचारला असतात तेही माहीत आहे. "ह्याला मेले कुठे?" पुण्याच्या कुणी हे ऐकलं तर दचकेलच. पण आपल्याकडे कन्नडातलं मेले, म्हणजे वर. दिवसभर दुकानात कन्नड बोलायचात आणि लिहायला मात्र आजीनं शिकवलेली मराठी अक्षरंच येत होती, त्यामुळे कन्नड शब्द मराठी अक्षरांत लिहायची तुमची जगावेगळी रीत. प्रत्येक पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं बाण आणि त्याच्याखाली 'मेले', म्हणजे कव्हर उलटं चिकटायला नको.

मी कॉलेजात असताना पहिल्यांदा गोल पुस्तक केलं होतं, आठवतं? पानं गोल, कव्हर गोल. मी मोठ्या ऐटीत तुमच्या हातात ठेवलं. तुम्ही ते फिरवून फिरवून पाहिलंत आणि म्हणालात, "ही भाकरी कशाला केलीस? पुस्तक कपाटात उभं राहायला पाहिजे. हे तर घरंगळत यशवंतपूरला जाईल!" गिऱ्हाइकांच्या समोर. मला इतका राग आला होता, दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी जेवायला बसले तर ताटाशेजारी एक पुठ्ठ्याचं घर. खाली सपाट, आत बरोब्बर माझ्या भाकरीच्या मापाची खोबण. पुस्तक त्यात ताठ उभं राहिलं. झाकणाच्या आत बाण, आणि 'मेले'. "गोलाला वर-खाली नसतं अण्णा," मी म्हणाले. "नसू दे," तुम्ही म्हणालात, "उघडणाऱ्याला असतं ना? स्वल्प त्याचा पण विचार कर." नंतर तुम्ही निवांतपणे सांबार-भात कालवायला लागलात. आज माझं पुस्तक हातात घेऊन माणसं गोंधळत नाहीत ती ह्या एका वाक्यामुळे.

तर ह्या पट्टीचं. चित्रं काढताना मीच गोंधळायला लागले, कारण पट्टी उलटली की वरचं खाली होतं. मग मीही प्रत्येक घडीवर तुमच्यासारखा बाण काढला, 'मेले' लिहिलं. छपाईला देण्याआधी सगळं खोडलं. सगळं म्हणजे एक सोडून! छापलेल्या प्रती घड्या घालायला पीण्या ह्या कारखान्यांच्या भागातल्या एका खोकेवाल्याकडे गेल्या. एरवी तो यंत्रांच्या भागांसाठी खोकी करतो, माझ्या घड्या घालायला हौसेनं तयार झाला. चार दिवसांपूर्वी त्याचा फोन आला. "अक्का, भारी केलंत. हिंदी अक्षरात कन्नड! वरची बाजू कुठली ते छापूनच दिलंय." मी म्हटलं, कुठे छापलंय? "शेवटी. त्या स्टुलाच्या वर."

तशीच उठले. रिक्षा करून पीण्याला गेले. तुमच्या रिकाम्या स्टुलाच्या वर, एकेका प्रतीत, स्वच्छ अक्षरांत: मेले. पुण्याच्या संपादकबाईंना मी आधीच एक प्रत पाठवून बसले होते. त्यांना फोन लावला आणि माफी मागायला तोंड उघडणार, तर त्याच म्हणाल्या, "अगं, इतका वेळ तू हसवत होतीस. आणि शेवटी तो एकच शब्द. मी रडले गं." आता त्यांना काय सांगू, की बाई, तो शब्द नाही, ती खूण आहे? खोकेवाला मात्र उभ्या उभ्या उपाय सांगत होता. "बेडा, नको म्हणत असाल तर वर छोटा कागद चिकटवू. रविवारच्या तुमच्या पुस्तकाच्या प्रदर्शनाच्या आत होईल. सरी? चालेल?"

मी एक प्रत उचलून त्या शब्दावरून बोट फिरवलं. अण्णा, त्याला ठाऊक नव्हतं आणि तुम्हालाही नाही, की हा शब्द मी एकदा पुसला होता. मी दहा वर्षांची होते. पुण्याहून आत्या आली होती, तिनं दुकानात पुठ्ठ्यावरचं वाचलं आणि कपाळाला हात लावला, "अरे देवा, भरल्या दुकानात हे काय अभद्र लिहितोस!" तुम्ही खो खो हसलात. मी हसले नाही. मला वाटलं, लिहिलं की खरं होतं. तुम्ही बाहेर कॉफी प्यायला गेलात तेव्हा मी रबर घेऊन सगळ्यात वरच्या पुठ्ठ्यावरचं बाणासकट खोडून टाकलं. तो एका संशोधक बाईंचा प्रबंध होता. कव्हर उलटं लागलं. दुसऱ्या दिवशी त्या केवढ्या ओरडल्या तुम्हाला! तुम्ही हात जोडून म्हणालात, "चूक माझीच, ताई. खूण करायला विसरलो." नंतर जेवायलाही न उठता ते परत बांधून दिलंत. मी समोर बसून होते, आणि तोंडातून शब्द काढला नाही.

तुम्ही मात्र त्या दिवसापासून खूण दोनदा करायला लागलात, एकदा पेन्सिलीनं आणि एकदा पेनानं. वय झालं, विसरायला होतं, असं आईला सांगायचात. वय कसलं, माझं रबर होतं ते.

खोकेवाल्याला मी म्हटलं, "राहू दे. काही चिकटवू नका." तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण मी लोकांना नेहमी 'अण्णा गेले' एवढंच सांगत आले. तो दुसरा शब्द माझ्या तोंडून कधी निघाला नाही. आता छापूनच आलाय, आणि बरोबर बाणही आहे. कुणी काय वाचायचं ते वाचू दे.

हे पत्र आईला दाखवणार नाही. तुमच्यासारखी घडी घातलीय, पाकिटातही टाकलंय. पत्त्याच्या जागी काय लिहायचं कळेना, म्हणून एक बाण काढला आणि खाली लिहिलं, मेले. पेनानं.