बिस्किटचा उजवा पंख

मी, मर्ल एडिथ पॅस्को, वय एक्क्याऐंशी, धंदा केस कापण्याचा (आता बंद), राहणार कूनाबी, दक्षिण ऑस्ट्रेलिया, हे शेवटचं लिहिणं पूर्ण शुद्धीवर असताना, कुणाच्याही भिडेखातर नव्हे तर स्वखुशीने करून ठेवते. माझे गुडघे कामातून गेले आहेत, डोकं नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तरीही ज्यांना शंका असेल त्यांनी माझ्याशी पत्त्यांचा एक डाव खेळून बघावा. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत. त्यांत मी एक गोष्ट दडवली होती.

१. राहतं घर, मागच्या अंगणासह, माझी भाची रोवेना हिला. बँकेत असेल तेही तिचंच. तिने इथे राहावं की घर विकावं, हे तिचं तिने बघावं.

२. दुकानातली फिरती खुर्ची आणि मोठा आरसा बेव रोडा हिला. तिने बत्तीस वर्षं त्या खुर्चीत बसून माझ्या कामाला नावं ठेवली आणि दर सहा आठवड्यांनी परत आली.

३. केसांच्या कात्र्या रोवेनाने कुणालाही द्याव्यात. बोथट टोकाची आखूड कात्री मात्र कुणालाच द्यायची नाही, ती माझ्यासोबत शवपेटीत ठेवावी. दर गुरुवारी दुपारी मी त्या कात्रीने गावातल्या पोपटांचे पंख कापत असे. पाखराला टॉवेलात गुंडाळायचं, दोन्ही बाजूंची बाहेरची पाच-पाच पिसं सारखी कापायची. म्हणजे त्याला वर चढता येत नाही, पण अलगद खाली उतरता येतं. माझ्या हातून एकही पाखरू जखमी झालं नाही, असं मी आयुष्यभर सांगत आले. ते खोटं आहे. पाचवं कलम पाहावं.

४. बोलिंग क्लबला काहीही नाही. का, ते त्यांना चांगलं ठाऊक आहे.

५. बिस्किट हा माझा गलाह पोपट. छाती गुलाबी, पाठ करडी, वय चौतीस. तो मी माझे शेजारी वॉरिक ट्रेंगोव्ह यांना देत आहे, त्यांनी घेतला तर. कारण लिहिणं भाग आहे.

वॉरिकने उमेदीची सगळी वर्षं मेंढ्या कातरल्या. तोही लोकांच्या पोपटांचे पंख कापून देई, आणि माझ्याइतकेच नीट, हे मी आज प्रथमच कबूल करते. एकोणीस वर्षांपूर्वी माझे यजमान लेन वारले. त्या उन्हाळ्यात रोज दुपारी वॉरिक कुंपणाशी येऊन हाक मारायचा, "चार वाजले, बिस्किट." बिस्किट व्हरांड्याच्या कठड्यावरून तरंगत थेट त्याच्या खांद्यावर जायचा. वॉरिक त्याला निलगिरीच्या डहाळ्या सोलायला द्यायचा, मान खाजवायचा. एकदा त्याला परत देताना म्हणाला, "मर्ल, आता या जावयाला माझ्याकडेच कायमचा ठेवून घेऊ का?"

थट्टाच होती. पण घरात माझ्याशी बोलणारा एकच जीव उरला होता आणि तोही चहाला दुसरीकडे जात होता. मला ते सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याचा फक्त उजवा पंख कापला, पार मुळापासून. त्यात एक नवं, रक्त भरलेलं पीस होतं. तसलं पीस कापायचं नसतं, हे मीच अख्ख्या गावाला शिकवलं होतं. ते फुटलं. मी त्यावर कॉर्नफ्लोअर दाबलं आणि रक्त थांबल्यासारखं वाटलं.

चार वाजता हाक आली आणि बिस्किटने सवयीने उडी घेतली. एकाच पंखावर गरगरत तो सिमेंटच्या कोब्यावर आपटला. छातीचं हाड फुटलं. वॉरिक कुंपण ओलांडून आला, त्याला शर्टात धरून जनावरांच्या डॉक्टरांकडे धावला. ग्लेनिस उरेनने आपल्या दुकानातून तो रक्ताळलेला शर्ट पाहिला. पुढच्या गुरुवारी ती केसांना रोलर लावून घ्यायला आली. "पंख वॉरिकनेच कापला ना गं? मेंढ्या कातरणाऱ्याच्या हाती पाखरू द्यायचं म्हणजे कमालच केलीस."

मी म्हणाले, "मान सरळ ठेव." एवढंच म्हणाले.

त्यानंतर वॉरिककडे कुणीही पाखरू नेलं नाही. तो माझ्याशी त्याबद्दल एकदाच बोलला. "काप कुणाचा आहे ते मला कळतं, मर्ल. पाखरू वाचलं ना, बस झालं." मग तो कुंपणाशी येईनासा झाला. बिस्किटचा पंख पुन्हा भरला, मी तो परत कधी कापला नाही. कापायची वेळच आली नाही. कठड्यावरून त्याने परत उडी घेतली नाही, तो घरभर चालत फिरतो.

६. बिस्किटची निगा. आठवड्यातून तीनदा, सकाळीच, साध्या कोमट पाण्याचा फवारा. दिवसा उन्हात सुकला पाहिजे. तेल नको, सुगंधी काही नको. नव्या पिसाचं आवरण पांढरं होऊन सुकलं की बोटांनी हलकेच चोळावं. मानेमागे त्याची चोच पोचत नाही, तिथे माणूसच लागतं. त्याच्या अंगाची पांढरी भुकटी काळ्या कपड्यांवर उठून दिसते, म्हणून माझ्या अंत्यविधीला कुणी काळं घालू नये.

७. साक्षीदारांनी मजकूर वाचायची गरज नसते, असं नोब्लेट वकील म्हणाले. माझी अट होती की साक्षीला बोलावलेल्या ग्लेनिसने पाचवं कलम खिडकी उघडी ठेवून मोठ्याने वाचावं. तिने वाचलं. मग चष्मा पुसत तिने विचारलं,

"तू तेव्हा गप्प का बसलीस गं?"

"मला ते सोयीचं होतं."

ती उठली आणि शेजारी वॉरिकच्या फाटकाशी गेली. तिथे काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही.

सहीपूर्वीची नोंद: आज चार वाजता वॉरिक ट्रेंगोव्ह कुंपणाशी आले आणि त्यांनी हाक मारली. बिस्किट कठड्यावर चढला, खाली कोब्याकडे पाहत राहिला. मग उडाला. धड नीट नाही, कुंपणावर कसाबसा टेकला, पण पोचला. मला रडू आलं. नोब्लेट म्हणतात, मिळकत, म्हणजे बिस्किट, आजच वारसाकडे गेल्यामुळे पाचवं कलम आता खोडायला हवं. खोडू नये.

मर्ल एडिथ पॅस्को
कूनाबी, स्वयंपाकघरातलं टेबल, ९ मार्च २०२३

साक्षीदार:
१. एच. नोब्लेट, वकील
२. ग्लेनिस उरेन. मी वरचं सगळं वाचलं आहे. गावात मीच सांगेन.