नाटक कधी बिघडलं

बाबा, परवा साक्षगंधाच्या मांडवात पुन्हा तोच वाद निघाला. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवतो पण आवाज आठवायला डोळे मिटावे लागतात, आणि हा वाद मात्र अजून धडधाकट आहे. भावाच्या नातवाचं साक्षगंध होतं, सुना त्याला साखरपुडा म्हणतात. जेवणं आटोपली होती, पोरं मोबाईल घेऊन सावलीला बसली होती. त्यातला एक जण नुसती ऐकायची अशी काहीतरी मालिका ऐकत होता आणि शेजारच्याला सांगत होता, की पहिले भाग भारी होते, आता नुसतं पाणी घालून राह्यले. खांबाला टेकून बसलेल्या माझ्या मैत्रिणीनं, म्हणजे आपल्या भिंतीला भिंत लावून राहायची तीच, ते ऐकलं आणि म्हणाली, आमचं नाटकबी असंच बिघडलं होतं. झालं. गावात उरलेले तीन-चार म्हातारे खुर्च्या ओढत आले. व्याही बिचारे बघतच राहिले.

पंचायतीचा रेडिओ आला तेव्हा मी परकरातून नुकतीच लुगड्यात आले होते. चावडीच्या ओट्यावर लाकडी पेटीत तो ठेवलेला असायचा, पेटीला कुलूप, आणि किल्ली तुमच्या करदोड्याला. दर बुधवारी दिवेलागणीला नागपूरहून ते नाटक लागायचं. एका शेतकऱ्याच्या घराची गोष्ट होती, म्हातारा बाप, दोन भांडकुदळ लेक, एक तोंडाळ सून आणि सगळ्यांत धाकटी मुलगी. वर्षानुवर्षं चाललं ते. गाव त्याला नुसतं नाटक म्हणायचं, दुसरं नाटक जगात असल्याचं आम्हाला ठाऊक नव्हतं. बाया एका अंगाला, माणसं दुसऱ्या अंगाला. शिरपूरच्या देवळाला निघालेली यात्रेकरूंची गाडी कधी वाटेत थांबायची, तीसुद्धा नाटक संपल्याशिवाय हलायची नाही.

मीही सुरुवातीला यायचे. मग त्या धाकटीला बोलायला जास्त मिळायला लागलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. तुम्ही पेटीच्या अगदी जवळ बसायचात. ती बोलायला लागली की तुमची मान आपोआप तिच्याकडे कलायची. एका बुधवारी तिचा आवाज जरा घोगरा आला, तर घरी आल्यावर तुम्ही आईला म्हणालात, "पोरीले खोकला झाला वाटते. आवाज बसेल हाये तिचा." आठ दिवस तो खोकला तुमच्या डोक्यातून गेला नाही. त्याच महिन्यात मी हिवतापानं गोधडीत कुडकुडत होते, तर तुम्ही दारातून डोकावून काढा घेतला का एवढं विचारलंत आणि बैल सोडायला गेलात. खोटं कशाला लिहू, त्या पोरीचा आवाज कायमचा बसावा असं मला त्या तापात वाटलं होतं. जी कुठं राहते, कशी दिसते, जेवते काय, कुणाला माहीत नाही, तिच्यासाठी माझा बाप झुरतो आणि मी घरात भाकरी थापते. मी चावडीवर जाणं सोडून दिलं. बुधवारी मी मुद्दाम चूल उशिरा पेटवायची. धूर चावडीपर्यंत जावा एवढीच इच्छा असायची, पण वारा नेहमी उलट.

आणि मग तुमच्या हकीकती सुरू झाल्या. गावात वीज नव्हती, रेडिओ बॅटरीवर चालायचा. बॅटरी उतरली की तुम्ही ती बैलगाडीत कडब्यावर ठेवून आपल्या इकडच्या मालेगावला न्यायचात. तिथं कापसाच्या जिनाच्या इंजिनावर ती भरून मिळायची, पण एका दिवसात नाही. मग तुम्ही मुक्कामाला राहायचात, बाजारातल्या हॉटेलात बसून नाटक ऐकायचात आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावाला ओट्यावर बसून ते सांगायचात. बापाचं तुम्ही बोलायचात, सुनेचं बोलायचात, त्या धाकटीचंही. गाव म्हणायचं, रेडिओपेक्षा हकीकत बरी. बॅटरीला उतरायला बुधवारच कसा सापडतो, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी तर त्या गुरुवारी कान बंद करून बसायची. घरात चार वाक्यं न बोलणारा माणूस तिच्या वाट्याचं बोलायला अख्खी संध्याकाळ खर्च करतो, हे मला सहन होत नव्हतं. एकदा आई हकीकत ऐकून घरी आली, चुलीपाशी बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी तिच्या ओठावर होतं. मी तिला बोलूच दिलं नाही. "मले नको सांगू तिचं," म्हणाले. ती हळूच हसली आणि पदरानं डोळे पुसले. धुरानं पुसले असतील असं मी धरून चालले. विहिरीवर मैत्रीण सांगायला लागायची तेव्हा मी अर्धी घागर भरून निघून यायची.

माझं लग्न ठरलं त्याच हंगामात त्या धाकटीचंही लग्न झालं, नाटकात. तिची पाठवणी रेडिओवर लागली तेव्हा तुम्ही चारचौघांत उपरण्यात तोंड घालून रडलात, असं सगळं गाव सांगत होतं. पुढच्या पंधरवड्यात माझी पाठवणी झाली. मी वळून बघते तर तुम्ही गाडीच्या जुवाशी वाकून बैलांच्या गळ्यातल्या सापत्या घट्ट करत होता. घट्टच होत्या त्या, सकाळीच भावानं आवळल्या होत्या. तुम्ही मान वर केली नाही. गाडी शिवेपर्यंत गेली तरी तुम्ही तिथंच, हातात दोरीचा तुकडा घेऊन. मला वाटलं, संपलं असेल याचं पाणी, सगळं तिच्यावर सांडून बसलाय. हे वाक्य मी सासरी किती तरी वर्षं मनात घोळवलं. दळताना घोळवलं, शेत निंदताना घोळवलं. तुमच्या तेराव्यालासुद्धा ते माझ्या सोबत होतं.

मी माहेरी यायचे तेव्हा गावात वाद पेटलेला असायचा. नाटक बिघडलं यावर एकमत होतं, भांडण होतं ते कधीपासून यावर. एक तट म्हणायचा, म्हाताऱ्या बापाचा आवाज काढणारा माणूस बदलला तेव्हापासून. नवा जो आला तो पडसं झाल्यासारखा बोलतो, त्याला कुणी बाप कसं म्हणावं? दुसरा तट म्हणायचा, धाकटी सासरी गेली तेव्हापासून. मी त्यात तिसरं लाकूड घालायची, की ती धाकटी मुळात आली तेव्हाच नाटक नासलं. बाया माझ्यावर तुटून पडायच्या. आणि आपला शिंपी, त्याचं सगळ्यांपेक्षा वेगळंच. तो म्हणायचा, "पंचायतीनं दुसरी बॅटरी आणली, तवापासून चव गेली." लोक पोट धरून हसायचे. बॅटरीचा आणि नाटकाचा काय संबंध? एक उतरली की दुसरी लावायची, एकही बुधवार चुकत नाही, यात बिघडलं काय? तुम्ही त्या हसण्यात नसायचात. अडकित्त्यात सुपारी धरून ती बारीक, आणखी बारीक करत बसायचात. तुम्हाला पंच नेमलं तर म्हणायचात, मले काय समजते त्यातलं.

तर परवा हेच सगळं पुन्हा निघालं. म्हाताऱ्याचा आवाज निघाला, शिंप्याची बॅटरी निघाली, शिंपी नसला तरी हसणं तेच निघालं. मी माझं ठेवणीतलं काढलं, की ती पोरगी आली आणि नाटकाचा सत्यानाश झाला. या वयातही ते म्हणताना माझा आवाज चढला, सुना एकमेकींकडे बघायला लागल्या. माझी मैत्रीण चिडली. म्हणाली, तुहं तिच्याशी काय वाकडं आहे ते देव जाणे, पण तिच्यावाणी बोलणारी पोरगी पुन्हा ऐकली नाही. आणि मग ती पोरांकडे वळून सांगायला लागली, की एक हकीकत अशी होती, तशी त्या नाटकात मागं झाली नाही न पुढं. त्या धाकटीला पाहायला पाहुणे येतात. कापूस वेचून वेचून तिच्या बोटांना चिरा पडलेल्या. पाहुणे तिचे हात उलटेपालटे करून बघतात, कामाची आहे का म्हणून, तोंडाकडे कुणी बघत नाही. ते गेल्यावर ती बापाला जेवायला वाढते. भाकर ताटात टाकते आणि म्हणते, "बाबा, पुढच्या खेपेले माहे हातच पाठवून द्या. मी घरीच राहीन." मैत्रीण म्हणाली, हे ऐकून चावडीवर आधी सगळे हसले, मग एकेक करून गप्प झाले.

माझ्या हातातली पानाची तबकडी तशीच राहिली, बाबा. ते नागपूरच्या बाईनं म्हटलेलं नाही. ते मी म्हटलं होतं. कारंज्याकडचे पाहुणे येऊन गेले त्या संध्याकाळी, अंबाडीची भाजी आणि भाकर वाढताना, आणि घरात तुम्ही आणि आई सोडून कुणी नव्हतं. तुम्ही तेव्हा वर बघितलं नव्हतं. ठेचा मागितलात. मी तो ताटात जवळजवळ आपटलाच.

मैत्रीण सांगतच होती. धाकटीनं गाईच्या आजारपणात गाईशीच भांडण केलं ते. वहिनीनं तिची वेणी फार आवळली तर ती म्हणाली की आता मला झोपेतही डोळे मिटता यायचे नाहीत, ते. सगळं माझं. आपल्या गोठ्यातलं, आपल्या ओसरीवरचं. जे तुमच्या कानावरून गेलं असं मी समजत होते ते तुम्ही बैलगाडीत बॅटरीबरोबर घालून मालेगावला नेत होता आणि परत येऊन गावाला वाढत होता. हॉटेलात तुम्ही नाटक किती ऐकलंत, ऐकलंत तरी का, कोण जाणे. मी विचारलं, मग बिघडलं कधी म्हणतेस तू? ती म्हणाली, "दुसरी बॅटरी आल्यावरबी, कधी दोन्ही उतरल्या तवा, तुह्या बापानं एक-दोन हकीकती सांगतल्या. पण पोरीच्या तोंडी कायबी राह्यलंच नोतं. तू सासरी गेल्यापासून नाटक बिघडलं. मी तं असंच ध्यानात ठेवलं हाये." तिनं ते सालाचा हिशेब म्हणून सांगितलं, दुसरं काही तिच्या मनात नव्हतं. मी तबकडी खाली ठेवली आणि पाण्याचं निमित्त करून मागच्या दारी गेले.

तुम्हाला वाटेल, आता तरी हिची आग विझली असेल. नाही विझली. फक्त तिनं जागा बदलली. आता मला त्या मैत्रिणीचा हेवा वाटतो, त्या शिंप्याचा वाटतो, शिरपूरच्या वाटेवर गाडी थांबवून बसलेल्या परक्या यात्रेकरूंचासुद्धा वाटतो. त्यांनी तुमच्या तोंडून मला ऐकलं. मी कशी बोलते, कशी रुसते, हे त्यांना तुम्ही सांगितलं, हसवलं, गप्प केलं. मला ठेचा मागितलात. एक शब्द मला तोंडावर म्हणाला असता तर तुमचं काय गेलं असतं? भिंतीपलीकडच्या पोरीला जे मिळालं ते मला फुकट मिळायला हवं होतं, आणि मी चुलीपाशी फुंकणी घेऊन त्याच्यावरच रागावून बसले होते. आईला माहीत होतं. तुम्ही दोघंही काहून बोलला नाहीत?

हे लिहून झालं की घडी घालून लुगड्यांच्या खाली ठेवीन, दुसरं कुठं टाकणार. एक मात्र सांगून टाकते. मी मागच्या दारातून परत आले तेव्हा मैत्रिणीनं विचारलं, ती हातांची हकीकत तू ऐकेल होती ना? सगळे माझ्याकडे बघत होते. मी हो म्हणाले. म्हणाले, मी तर अगदी पुढं बसले होते, बाबांच्या जवळ.