बारा आठवड्यांचं दुखणं एका बैठकीत

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी एक गुडघा अजून पुरता वाकत नाही, तेवढं सांभाळून घे.) तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला, की घर अजून दणाणतंच आहे? मी उत्तम आहे. हे वाक्य दोन महिने तुला फोनवर ऐकवतोय, पण आता त्यात बरंचसं तथ्य आहे, आणि ते कुठून आलं हे सांगायलाच लिहायला बसलो.

गुडघा बदलून घरी सोडताना नर्सबाईंनी मला बारा छापील कागद दिले. दर सोमवारी एक भरून पाठवायचा: दुखणं किती, शून्य ते दहा, झोप लागते का, जिना चढता येतो का. आता मी तीस वर्षं बस डेपोत वेळापत्रकं आखलेला माणूस. (गाड्या त्याप्रमाणे धावल्या नाहीत, हा गाड्यांचा दोष.) घरी आल्या दिवशीच चहा घेऊन बसलो आणि बाराही कागद भरून मोकळा झालो. पहिल्या आठवड्यात दुखणं आठ, मग सात, मग सहा. सहाव्यात जिना, दहाव्यात बाजारापर्यंत फेरी. तारखासुद्धा घातल्या. इतकं शिस्तीचं दुखणं त्या दवाखान्याने पाहिलं नसेल. गुडघा मात्र आठावरून हलेना. दुखतो म्हणून मी व्यायाम टाळायचो, टाळला की तो आणखी आखडायचा. पण कागदावर मी इतका झकास सुधारत होतो की ते मोडवेना.

पाचव्या सोमवारी चुकून सहावा कागद गेला. लगेच बाईंचा फोन. "काका, पुढच्या सोमवारी तुम्ही जिना चढलात, अभिनंदन! आता आज काय करताय, तेही सांगा की."

मी पलंगावर आडवा होतो, दुसरं काय! मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई ओरडल्या नाहीत. घरी आल्या, कोरा कागद काढला, आणि मी प्रथमच खरं सांगितलं: दुखणं आठ, झोप जेमतेम दोन तास, जिना नाही, पडण्याची भीती भरपूर. तो कागद डॉक्टरांनी नीट वाचला. गोळीची वेळ व्यायामाच्या आधी आणली आणि व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना घरी धाडलं. आणखी महिनाभर असाच गेला असता तर पाय कायमचा ताठ राहिला असता, म्हणाले. काल चार पायऱ्या चढलो आणि वर उभा राहून एकटाच हसलो. ताई, 'कसे आहात' असं जन्मभर सगळ्यांनी विचारलं, पण उत्तर वाचून औषध बदलणारी माणसं आत्ताच भेटली. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. नर्सबाई आता दर सोमवारी स्वतः कागद न्यायला येतात. (माझ्यावर विश्वास उरलेला नाही.)

काळजी करू नकोस. इथे येण्याची दगदग तर मुळीच नको.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. कागदावर शेवटी एक प्रश्न असतो: मनातलं बोलायला कोणी आहे का? बाराही ठिकाणी 'हो' ठोकलं होतं. ही गेल्यापासून ते खरं नाही. नर्सबाईंनी नाव विचारलं, तर तुझं दिलं. फोन आला तर हो म्हण.

आणखी एक ता. क. बाई आत्ताच आल्या होत्या. त्यांना हे पत्र वाचून दाखवलं. म्हणाल्या, "काका, 'मुळीच नको' हे खोडा." खोडाखोड मला खपत नाही, म्हणून इथे लिहितो. ताई, ये.