पाचव्या किल्लीची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, व्यवसायाने वार्ताहर, संस्कृत शिकूनही उपाशी न राहिलेला, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे. धाकट्या बहिणीचे मत वेगळे आहे. ते तिने कोर्टात मांडू नये. माझे हृदय ठणठणीत आहे, मला उत्तम पोहता येते आणि गच्चीवर मी कधी जात नाही. हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

बँकेतली शिल्लक बहिणीची. संस्कृत कोश भाच्याला. तो दाराला अडसर म्हणून लावतोच, यापुढे मालकीहक्काने लावील. टंकयंत्र कोणालाही द्यावे, संपादकांना नको. माझ्या प्रत्येक बातमीचे शेपूट त्यांनी छाटले आहे.

आता घर. हे गावाचे पहिले पोलीस ठाणे; खाते नव्या इमारतीत गेले तेव्हा मी लिलावात घेतले. यंदा खात्याची शंभरी, म्हणून फौजदारांनी मला इतिहास लिहायला बोलावले.

"शास्त्रीबुवा, जरा गोड लिहा."

"साखर किती घालू?"

"तुम्हाला पचेल एवढी," ते हसून म्हणाले.

जुन्या ठाण्याच्या कोठड्या चार, पण जुडग्यात किल्ल्या पाच. जाणारा फौजदार येणाऱ्याला हा जुडगा दार लावून देतो, अशी खात्याची रीत. मी तो प्रदर्शनासाठी म्हणून मागितला. देणारा कारकून नवा होता. त्याला कोणी छळू नये.

माझ्या मागच्या खोलीत एक लोखंडी दार आहे. "त्यामागे नुसती भिंत," असे विकताना सांगितले होते. पाचवी किल्ली तिथे लागली. आत कोठडी, जमीन दगडी. एका कोपऱ्यात तेवढे सिमेंट. सिमेंटच्या कडेला शिंप्याचे अंगुस्तान, शिवताना बोटात घालायची टोपी, रुतलेले; एका बाजूला कथलाचा डाग देऊन सांधलेले.

ठाणे याच घरात असताना गावातला शिंपी तेव्हाच्या फौजदारांविरुद्ध साक्ष द्यायला निघाला होता. ते आताच्या फौजदारांचे वडील. त्याला चौकशीला नेले आणि 'सोडून दिले'. मी अंगुस्तान त्याच्या बायकोला दाखवले. तिने ते ओळखले, बोटात घालून पाहिले.

"धुऊ नका हे," एवढेच म्हणाली. मग दारात थांबून, "सोडलं म्हणतात, मग घरी का नाही आले?"

हे घर, किल्लीसह, मी तिला देतो. तिला कोणी विधवा म्हणू नये. तिने कधी म्हणवून घेतलेले नाही. तो कोपरा तिने भर दुपारी, चारचौघांदेखत खणवावा. फौजदारांना इथे संग्रहालय करायचे आहे. मी नाही म्हटल्यापासून समोरच्या पायरीवर एक हवालदार बसवला आहे.

अंत्यविधी साधा करावा. खात्याने सलामी देऊ नये.

साक्षीदार: शेजारचे घड्याळजी (सही). दुसरे कोणी यायला धजेना, म्हणून मी हवालदारांनाच हाक मारली.

"काय लिहिताय साहेब?"

"मृत्युपत्र."

"एवढ्या लवकर?"

"ते तुम्हालाच ठाऊक."

त्यांनी सगळे वाचले, टोपी काढली आणि सही केली.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली. दिनांक: आजचा, मंगळवार.

ता. क. सही वाळल्यावर हवालदार हळूच म्हणाले, "नोंदणी उद्यावर टाकू नका. आत्ताच चला. बाजारातून जाऊ, माणसं असतात." म्हणून आम्ही तिघे निघतो आहोत. कागद घड्याळजींकडे राहील. मी घरी परतलो नाही, तरी तो नोंदणी कचेरीत पोचलेला असेल.

(सही)