दातारांच्या बैठकीवर

ता. ७ जानेवारी १९३२, गुरुवार. मुक्काम लष्कर शहर.

आमचे नकलनवीस दातार सोमवारपासून कचेरीत नाहीत. छातीत कफ. आज सुपरिंटेंडेंटसाहेबांनी (पुढे नुसते सु.सा. लिहीन) मला सतरंजीवरून उठवून दातारांच्या बैठकीवर बसवले. म्हणाले, "जब तक वो नहीं आते, नकलें तुम उतारो." दोन वर्षे होत आली बिनपगारी उमेदवारीला. दोन वर्षे सतरंजीच्या कडेला बसून पाकिटे चिकटवली, दौती भरल्या. आज पहिल्यांदा पुढे डेस्क, पाठीशी लोड. लोडाला टेकलो नाही. दुसऱ्याचा आहे.

हुकुमांच्या सगळ्या नकला संध्याकाळपर्यंत उतरवल्या. एकही खाडाखोड नाही. सु.सा.नी पान उजेडाकडे धरून पाहिले.

गुरुवारचे जेवण दातारांकडेच असते, म्हणून कचेरीतून थेट जनकगंजात. दातार अंथरुणात. मला पाहून उठू लागले. "गजानन, माझ्या जागी कोणाला बसवलंय?" मी म्हटले, मला. त्यांना बरे वाटले. "तूच बस हो. दुसऱ्या कोणाला बसू देऊ नकोस." दातारकाकूंनी भाकरीवर लोणी वाढले.

ता. १० जानेवारी, रविवार

न्हाव्याकडे गेलो होतो. दुकानात गर्दी, पण दाढी करून घेणारे थोडे. बाकीचे शेगडीपाशी बसायला आलेले. बोलणे एकच, मंदी. एकाचा जावई मुंबईच्या गिरणीतून परत आला, बायकोमुलांसकट. तांगेवाला म्हणाला, सवारी मिळत नाही, लोक बाड्याच्या चौकापासून मुरारपर्यंत चालत जाऊ लागले आहेत. कोणी म्हणे विलायतेत बँका बुडाल्या, कोणी म्हणे अमेरिकेत गहू जाळतात. न्हाव्याने वस्तरा माझ्या गळ्याशी ठेवून सगळ्यांना सांगितले, "इन पंडितजी को क्या फिकर? दरबार की नौकरी है। दरबार में मंदी नहीं आती।" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही. वस्तरा होता म्हणून नव्हे.

ते मला नोकर समजतात. रोज साडेनऊला पागोटे घालून निघतो, दुसरे काय समजतील.

सोमवारचे जेवण कीर्तन्यांकडे होते, ते या महिन्यापासून बंद. त्यांनी सांगितले नाही. मागल्या सोमवारी दाराला आतून कडी होती आणि आत भांड्यांचा आवाज येत होता. उद्या जाणार नाही.

ता. १४, संक्रांत

गुरुवारीच आली. काकूंनी तिळगुळाबरोबर गजक, इकडची तिळाची वडी, दिली. या वर्षी तिळगूळ थोडाच केला आहे, गजक आजूबाजूच्यांनी दिलेली. दातार भिंतीला टेकून बसले होते. आवाज बसला आहे.

"काम तुंबलं असेल रे?"

"नाही. एकही नक्कल शिल्लक नाही. मागची राहिलेली होती तीसुद्धा उरकली."

मला वाटले शाबासकी देतील. त्यांनी पांघरूण वर ओढून घेतले. मग म्हणाले, "एवढी घाई कशाला करतोस?" त्यांना माझे अक्षर पसंत नसावे. उद्यापासून रफार जरा ठळक काढीन.

भेलशाहून आईचे पत्र. मामा एक मुलगी सुचवतो आहे, पण मुलीकडचे विचारतात की नोकरी कायम का. काय लिहू? उत्तर लिहिले नाही.

ता. १९, मंगळवार

सतरंजीवर नवीन उमेदवार. कानिटकर, बी.ए. आग्र्याच्या कॉलेजातून. बी.ए. झालेला माणूस आमच्या सतरंजीवर! चपराशी त्याला "बी.ए. साहेब, ज़रा दौत तो भर दीजिए" म्हणतो आणि सगळे हसतात. तोही हसतो. स्वभाव चांगला. मला "गजाननराव" म्हणतो. मी आठवीत शाळा सोडली हे सांगितले, तर म्हणाला, "तुम्ही डेस्कावर, मी सतरंजीवर. कोण शहाणा?"

अर्ज कुठेकुठे केले ते त्याने बोटांवर मोजून सांगितले. शाळा, रेल्वे, इंदूर, मुंबई. सगळीकडून एकच उत्तर. शेवटी वडिलांनी कोणाकोणाला भेटून इथे बसवला. उमेदवारीलासुद्धा आता वशिला लागतो.

ता. २५, सोमवार

आज जे झाले ते नीट लिहितो.

दुपारी वरून कोणी अधिकारी तपासणीला आले होते. तखफीफ, म्हणजे माणसे कमी करणे, हा शब्द आता चपराशीही बोलतात. प्रत्येक खात्याने किती जागा मोडता येतील ते कळवायचे आहे. सु.सा. त्यांना घेऊन माझ्यापाशी आले. मी उभा राहिलो. सु.सा. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "इस लड़के को देखिए हुज़ूर. तीन हफ़्ते से नकलनवीस की जगह ख़ाली है, और काम एक दिन नहीं रुका. पहले से अच्छा चल रहा है."

मला आनंद झाला. खरे तेच लिहायचे तर, कानापर्यंत गरम झालो. दोन वर्षांत कोणी खांद्यावर हात ठेवला नव्हता.

ते गेल्यावर कानिटकर जवळ आला. हळू म्हणाला, "गजाननराव, तुम्हांला समजलं का, काय झालं ते?"

तेव्हा समजले. जागेवर पगारी माणूस नसताना काम चालते, तर ती जागा कशाला ठेवतील.

ता. २८, गुरुवार

जनकगंजात गेलो नाही. पोट बिघडल्याचा निरोप धाडला. खोलीत फुटाणे खाल्ले. सराफाच्या मुलांना शिकवायला जायचे होते, तिथे गेलो, तर सराफ म्हणाला, आता मास्तर नको, थोरला मुलगाच धाकट्याला शिकवील. वर म्हणाला, "आप तो दरबार में हैं, आपको क्या कमी." नमस्कार करून आलो.

खोलीचे भाडे त्या शिकवणीवर चालत होते.

ता. १ फेब्रुवारी, सोमवार

हुकूम आला. नकलनवीसाची जागा तोडली. दातार या महिनाअखेर कमी होतील.

सु.सा.नी मला बोलावले. वाईट माणूस नाही. म्हणाले, तू येत रहा, काम तसेच चालू ठेव, तुझे नाव उमेदवारांत पहिले आहे, जागा निघाली की तुलाच. मी विचारले, "साहब, कौन-सी जगह?" ते कागदांकडे पाहू लागले. ज्या जागेची मी दोन वर्षे वाट पाहिली ती हीच होती. दातारांना पेन्शन होईल, मग मी. त्यांनाही ते मान्य होते. थट्टेत म्हणायचे, "मी मेलो की तुझं लग्न."

ता. ४ फेब्रुवारी, गुरुवार

आज गेलो. न जाणे त्याहून वाईट दिसले असते.

पान नेहमीच्याच जागी मांडले होते. दातार हिंडूफिरू लागले आहेत, पण गळ्याभोवती मफलर. त्यांनी अर्जी केली आहे की जागा ठेवावी, पेन्शनला थोडीच वर्षे राहिली आहेत. अर्जी सु.सा.कडे शेऱ्यासाठी आली आहे: काम जागेवाचून चालते की अडते, एवढेच त्यांना लिहायचे आहे. पुढच्या आठवड्यात लिहितील.

मी म्हटले, "माझ्यामुळे झालं."

दातार म्हणाले, "काम नीट करू नकोस असं मी तुला कसं सांगणार होतो? मला तरी वेळेवर कुठे उमजलं. संक्रांतीला जिभेवर आलं होतं. लाज वाटली." मग काही तरी वेगळे, पिठाच्या भावाचे बोलू लागले.

काकू दारापर्यंत पोचवायला आल्या. कधी येत नाहीत. पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "गजानन, तू आठ दिवस आजारी पड ना रे. अडू दे त्यांचं काम. मग म्हणतील हो, की माणूस पाहिजे."

मी "हो" म्हटले. म्हटले खरे.

ता. ५, शुक्रवार

आजारी असल्याची चिठ्ठी चपराशाबरोबर पाठवली. पण दिवसा खोलीत थांबता येईना. घरमालकीण विचारील, न्हावी विचारील. म्हणून नेहमीच्या वेळी पागोटे घालून निघालो, आणि कचेरीकडे न वळता फूलबागेकडे गेलो.

बाकावर एक गृहस्थ बसले होते, पागोटे, उपरणे, हातात रुमालात बांधलेला डबा. ओळखीचे, महसुलाकडचे. त्यांनी मला पाहून वर्तमानपत्र तोंडासमोर धरले. मी दुसऱ्या बाकावर बसलो. पलीकडे झाडाखाली आणखी एक होता, तोही कचेरीच्या पोशाखात, काडीने जमिनीवर रेघा ओढत. दुपारी सगळ्यांनी आपापले डबे उघडले. कोणी कोणाला "या" म्हटले नाही. संध्याकाळी कचेऱ्या सुटायच्या वेळी सगळे उठले आणि वेगवेगळ्या रस्त्यांनी निघाले.

न्हाव्याचे म्हणणे की दरबारात मंदी येत नाही. त्याने एकदा फूलबागेत यावे.

ता. ६, शनिवार

फूलबागेत पुन्हा गेलो नाही. मुरारच्या रस्त्याने चालत छावणीपर्यंत. दिवसभर एका शब्दाचे बोलणे नाही. पाणी मागितले एका प्याऊवर, तेवढेच.

ता. ७, रविवार

कानिटकर खोलीवर आला. त्याला माझी खोली कशी सापडली कोण जाणे. माझ्याकडे पहिल्यांदाच कोणी आले. बसायला ट्रंक पुढे केली.

म्हणाला, "तुम्ही आजारी दिसत नाही."

"नाही."

"मला वाटलंच. परवा साहेबांनी मला तुमच्या जागी बसवलं. काल दिवसभर नकला केल्या. माझं अक्षर म्हणजे कावळ्याचे पाय, तरी साहेब म्हणाले, चलेगा."

मी त्याला काकूंचे म्हणणे सांगितले. सगळे सांगितले, अर्जी, शेरा, आठवडा. तो ट्रंकेवर पाय हलवत ऐकत होता.

"मीही उद्या गेलो नाही तर?" तो म्हणाला. "कचेरीबाहेरच्या ओट्यावर दोघे येऊन बसतात हल्ली, तुम्ही पाहिलेत ना? एक मॅट्रिक आहे. साहेब त्यांतल्या एकाला आत बोलावतील. तो नको म्हणेल?"

नाही म्हणणार. मी तरी कुठे म्हटले होते.

"आणि माझे वडील रोज विचारतात, जागा कधी," तो म्हणाला. मग उठला. जाताना दारात, "तुम्ही काय करणार?"

मी ट्रंक पुन्हा भिंतीशी सरकवली.

ता. ८, सोमवार

गेलो. सु.सा. म्हणाले, "अच्छे हो गए?" कानिटकर उठून सतरंजीवर गेला. मी बैठकीवर. काम अडवायचे तर इथे बसूनच.

पहिले पान नेहमीप्रमाणे सुरू केले. तीन ओळी झाल्या आणि हात थांबवला. लेखणी पुसली. पुन्हा बुडवली. खिडकीबाहेर पाहिले. मला असे बसता येत नाही. बोटे आपोआप चालू होतात. एकेक अक्षर काढून थांबायचे, जणू आठवत नाही. दुपारी एक नक्कल मुद्दाम बिघडवली आणि फाडली. फाडताना वाईट वाटले. चांगले पान होते.

संध्याकाळी गठ्ठ्यात कागद राहिले. सु.सा.नी पाहिले.

ता. ९, मंगळवार

आजही तसेच. गठ्ठा वाढला. वरून एका हुकुमाची नक्कल मागायला माणूस आला, ती तयार नव्हती. सु.सा. मोठ्याने बोलले, पहिल्यांदाच माझ्यावर. "दो दिन बीमार क्या हुए, हाथ भी भूल गए?" सगळी कचेरी ऐकत होती. मी मान खाली घातली. उमेदवाराला काढायला हुकूमसुद्धा लागत नाही. सतरंजी उचलली की झाले.

आईला पत्र लिहिले. मुलीकडच्यांना सध्या काही कळवू नये म्हणून.

ता. १०, बुधवार

काम इतके राहिले की सु.सा.नी कानिटकरला माझ्या मदतीला बसवले. एकाच डेस्कावर दोन बाजूंनी दोघे. मला वाटले, संपले. हा भराभर उरकून टाकील.

बराच वेळ त्याच्याकडे पाहिले नाही. मग पाहिले, तर त्याच्या पानावर मथळा आणि दीड ओळ. लेखणीचे टोक तो कानाशी धरून तपासत होता, जणू आतून काही ऐकू येते.

"कानिटकर, असं का करता?" मी हळू विचारले.

"तुमच्यापेक्षा हळू लिहिणं फार अवघड आहे हो," तो म्हणाला. "बी.ए.ला शिकवत नाहीत."

मला हसू आले. तोंडावर उपरणे धरले. दोन वर्षांत कचेरीत हसलो नव्हतो.

पाच वाजता सु.सा. आले. गठ्ठ्यावर हात ठेवून उभे राहिले, आमच्याकडे आळीपाळीने पाहत. त्यांच्या दुसऱ्या हातात दातारांची अर्जी होती, शेऱ्याची जागा कोरीच. त्यांना सगळे कळले आहे असे वाटले. किंवा काही कळले नसेल. चष्म्याआड समजत नाही.

"कल दोनों ज़रा जल्दी आना," एवढेच म्हणाले.

कानिटकर रस्त्यात म्हणाला, शेरा चांगला लिहिणार, म्हणूनच बोलावले. बाड्यापाशी पोचेपर्यंत म्हणाला, दोघांनाही काढणार. निरोप घ्यायची वेळ आली तेव्हा तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "सकाळी तुमच्याकडे येतो. बरोबरच जाऊ."

बरे म्हटले. पागोटे उद्या लवकर घालायचे, म्हणून हाताशी खुंटीला अडकवले आहे.